मदत हवी आहे: 'सॉल्ट' दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागायची आहे, तिथला पहिलाच प्रस्ताव

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. आमच्या विभागात प्रत्यक्ष निरीक्षणं करणारं दुसरं कुणी नाही. गाईड सर सैद्धांतिक कामातले. त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, पण दुर्बिणीसाठीच्या प्रस्तावांचा त्यांनाही फारसा अनुभव नाही. म्हणून इथे विचारते.

काही दीर्घिकांच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीचा प्रकाश दहा-पंधरा वर्षांत इतका बदलतो की त्यांचा वर्णपट ओळखू येत नाही. 'चेंजिंग लुक' म्हणतात त्या याच. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे जुने वर्णपट चाळून मी अशा २२ संशयित दीर्घिका निवडल्या आहेत. त्यातल्या एकीचे दोन वर्णपट मी छापून एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. २००२ च्या कागदावर हायड्रोजनच्या एच-बीटा रेषेच्या दोन्ही बाजूंना रुंद उंचवटा आहे. २०१३ च्या कागदावर तो उंचवटाच नाही, नुसती सुईसारखी अरुंद रेषा उरली आहे. आज तिथे काय आहे हे मला बघायचं आहे. त्यासाठी नवीन वर्णपट हवा, आणि या दीर्घिका १९ व्या प्रतीच्या आसपासच्या, फारच अंधुक, म्हणजे छोट्या दुर्बिणीचं काम नाही.

पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था दक्षिण आफ्रिकेतल्या 'सॉल्ट'ची भागीदार आहे, तर भारताच्या वाट्याच्या वेळेतून नोव्हेंबर ते एप्रिल या सत्रासाठी अर्ज करायचं ठरवलं आहे. प्रस्तावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, यादी भरली, आणि २२ पैकी १३ लक्ष्यं दिसणारच नाहीत असं त्यानं सांगितलं. उरली ९. ती सगळी खगोलीय विषुववृत्ताजवळची आहेत, विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, तासांत मोजतात) २२ तासांपासून ३ तासांपर्यंत. प्रत्येकीसाठी १२०० सेकंदांची दोन एक्स्पोजर धरली आहेत, अंधारी रात्र आणि १.२ आर्कसेकंदाचं सीइंग (हवेच्या थरथरीनं ताऱ्याची प्रतिमा किती पसरते ते माप) मागितलं आहे. सिम्युलेटर म्हणतो संकेत-गोंगाट गुणोत्तर वीसच्या आसपास येईल.

अडचण अशी की या दुर्बिणीवर निरपेक्ष तीव्रता मोजता येत नाही असं माहितीपुस्तिकेत वाचलं. मग जुन्या वर्णपटाशी तुलना कशी करायची? तुलना हाच तर प्रस्तावाचा गाभा आहे. शिवाय ९ च लक्ष्यं घेऊन गेले तर समिती गंभीरपणे घेईल का, हीसुद्धा धाकधूक आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आमचा अर्ज 'तांत्रिक मांडणी अपुरी' या एका ओळीवर परत आला होता. या वेळी ती चूक करायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

खोडदकर

आधी अभिनंदन. खिडकीच्या काचेवरचे ते दोन कागद हेच प्रस्तावाचं पहिलं चित्र करा. समितीतल्या माणसापुढे प्रस्तावांचा गठ्ठा असतो, चित्र बघून तो थांबला पाहिजे.

मी रेडिओवाला आहे, सॉल्टचा अनुभव नाही. पण जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी बरेच प्रस्ताव लिहिले आणि काही वाचलेही. नऊ लक्ष्यांचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक लक्ष्य का निवडलं हे एकेका वाक्यात सांगता आलं तर नऊ भरपूर झाली. चाळीस दीर्घिकांची यादी आणि 'बघू काय मिळतं ते' असा सूर, हे प्रस्ताव पडतात. वेळ कमी मिळाली तर कोणत्या चार आधी घ्याल हेही लिहून ठेवा. समितीला वेळ कापावीच लागते. कुठे कापायची हे तुम्ही सांगितलं नाही तर ती कुठेही कापेल.

कारूचं आकाश

ताई, मी केपटाऊनला पोस्टडॉक आहे, सॉल्टचा डेटा रोजच्या वापरात आहे. जरा सविस्तर लिहितो.

१३ लक्ष्यं का गळली ते आधी. सॉल्टचा आरसा ९१ षटकोनी तुकड्यांचा, साधारण ११ मीटर बाय १० मीटर. पण तो क्षितिजापासून ५३ अंशांवर कायमचा बसवलेला आहे. निरीक्षण चालू असताना आरसा हलत नाही, वरचा ट्रॅकर, म्हणजे लक्ष्याचा माग धरणारा भाग, हलतो. त्यामुळे आकाशात एक कडं दिसतं आणि लक्ष्य त्या कड्यात असेल तेवढाच वेळ तुमचा. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) +१० अंशांपासून −७५ पर्यंतचंच मिळतं. स्लोनचं बहुतेक काम उत्तर आकाशातलं, म्हणून तुमची यादी गळाली. गळालेल्या दीर्घिका टाकून देऊ नका. देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण त्यांच्यासाठी योग्य आहे, तिथे वेगळा अर्ज करा.

आता महत्त्वाचं. दक्षिणेकडची बरीच लक्ष्यं त्या कड्यातून रात्रीत दोनदा जातात, एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला. तुमची विषुववृत्ताजवळची शून्य अंशाच्या वरची लक्ष्यं मध्यान्हवृत्ताच्या आसपास एकदाच सापडतात. त्यात नोव्हेंबर म्हणजे आमचा उन्हाळा, रात्री आखूड. २२ ते २४ तासांवरची लक्ष्यं अंधार पडेपर्यंत पश्चिमेला कललेली असतील. ती या अर्जातून काढा आणि मे ते ऑक्टोबरच्या सत्रासाठी ठेवा. १ ते ३ तासांवरची नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतील, पुढे तीही हातची जातील. म्हणजे दोन महिने, रात्रीत एक संधी, आणि वर तुम्ही मागता अमावास्येची रात्र नि १.२ चं सीइंग! सदरलँडला, जिथे सॉल्ट आहे, अशी रात्र रोज मिळत नाही. सॉल्टवर कुणी स्वतः जाऊन निरीक्षण करत नाही, तिथले खगोलशास्त्रज्ञ त्या रात्रीच्या हवेला निरीक्षणाचा जो ब्लॉक (एका वेळी करायच्या कामाचा तुकडा) बसेल तो रांगेतून उचलतात. अटी जितक्या कडक, तितका तुमचा ब्लॉक मागे पडत जाणार. सीइंग २ पर्यंत सैल करा, 'ग्रे' चंद्र (थोडं चांदणं) चालेल म्हणा आणि सिम्युलेटर पुन्हा चालवा. गुणोत्तर थोडं उतरेल, पण तुम्हाला रुंद उंचवटा आहे की नाही एवढंच बघायचं आहे. त्याला तेवढं पुरतं.

तीव्रतेचं म्हणाल तर, ट्रॅकर सरकतो तसा आरशाचा वापरात येणारा भाग बदलत राहतो, म्हणून निरपेक्ष आकडा भरवशाचा नसतो. वर्णपटाचा आकार मात्र प्रमाण ताऱ्यावरून नीट मिळतो. आणि तुमच्या कामात त्यावर उपाय वर्णपटातच आहे. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची अरुंद रेषा घ्या. ती केंद्रापासून दूरवर, शेकडो प्रकाशवर्षं पसरलेल्या वायूतून येते, दहा-पंधरा वर्षांत बदलत नाही. दोन्ही वर्णपट त्या रेषेवर जुळवा, मग एच-बीटात उरलेला फरक खरा. हे प्रस्तावात ठळकपणे लिहा, तांत्रिक मांडणीत हेच विचारतील. स्लोनचा प्रकाश गोळा करणारा जुना फायबर ३ आर्कसेकंदांचा होता, तुमची प्रकाश आत घेणारी फट (स्लिट) दीडची असेल तर दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश कमी येईल, त्याबद्दलही दोन ओळी हव्यात.

रोहिणी

वरच्या प्रतिसादात एक भर. पीजी ०९०० ग्रेटिंग (प्रकाशाचा वर्णपट पाडणारी जाळी) घेणार असाल तर कोन ठरवताना प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती (दूर जाण्यामुळे रेषा लाल बाजूला किती सरकल्या ते) घालून रेषा कुठे पडते ते कागदावर मांडा. आरएसएस या सॉल्टच्या वर्णपटमापकाच्या डिटेक्टरमध्ये तीन चिप आहेत आणि त्यांच्या मध्ये दोन रिकाम्या फटी. एच-बीटा नेमकी फटीत गेली तर सगळी रात्र वाया. शिवाय ताम्रसृती ०.२१ च्या आसपास असेल तर एच-बीटा ५८८२ वर येते आणि शेजारी ५८९० ला आकाशाची सोडियमची रेषा असते. तिथे पार्श्वभूमी वजा करताना फार त्रास होतो.

ताई, तुम्ही 'स्ट्राइप ८२' बघितलंत का? विषुववृत्तावरचा तो पट्टा, विषुवांश २० ते ४ तास, स्लोननं वारंवार टिपलेला. २०१५ साली जाहीर झालेला जे०१५९+००३३ हा क्वेसार तिथलाच. तुमची उरलेली लक्ष्यं त्यात असतील तर तेजस्वितेचे जुने आलेख तयार मिळतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं पुन्हा केलं.

नऊपैकी सहा स्ट्राइप ८२ मध्ये निघाल्या! २२-२३ तासांवरच्या चार दीर्घिका पुढच्या सत्रासाठी बाजूला ठेवल्या. आता अर्जात पाच आहेत. सीइंग २, ग्रे चंद्र घातल्यावर गुणोत्तर १४ वर आलं. रोहिणीताई, तुम्ही म्हणालात ते तंतोतंत खरं निघालं. पाचांतल्या एकीची ताम्रसृती ०.२०८ आहे. एच-बीटा ५८७२ वर, आणि मी घेतलेल्या कोनात ती फटीच्या काठावरच येत होती. तिच्यासाठी कोन वेगळा घेतला.

आता एकच शंका राहिली. पाचही लक्ष्यांना पी१, म्हणजे वरचं प्राधान्य मागू, की काचेवर धरलेली ती आणि अजून एक पी१ ला आणि बाकीच्या पी२ ला?

कारूचं आकाश

दोन पी१, तीन पी२. पी३ ला काहीच ठेवू नका, दोन महिन्यांच्या संधीत तिथपर्यंत पाळी येणं कठीण. आणि ब्लॉक, फाइंडर चार्ट वगैरे बारकावे वेळ मंजूर झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात भरायचे असतात, आत्ता त्यात रात्री घालवू नका. मसुदा झाला की व्यनि करा, वाचून देतो.