व्हॅट्सनंतर ईएसपी ब्लॉक: पाठ बधिर, समोरून मात्र दुखतंय

सोनोसुई:
व्हॅट्स लोबेक्टमी (दुर्बिणीतून फुप्फुसाचा एक भाग काढणं), पेशंट ५५ किलोचा. टी-५ ला (छातीच्या पाचव्या मणक्यापाशी) ईएसपी दिला, म्हणजे पाठीच्या इरेक्टर स्पायनी स्नायूखाली बधिर करणारं औषध: ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन २० मिली. आता कॅथेटरमधून ०.२ टक्के रोपिव्हॅकेन ताशी ८ मिली चालू आहे. पाठीवर बर्फ गार लागत नाही, पण खोकला आला की ड्रेनपाशी (छातीतल्या नळीपाशी) कळवळतो. रेट वाढवू?

जुना_भूलतज्ज्ञ:
रेट वाढवून फारसा उपयोग नाही. नसेची पाठीकडची शाखा स्नायूखालीच भिजते. समोरच्या शाखेसाठी औषध पॅराव्हर्टिब्रल जागेत (मणक्याच्या कडेला, नस बाहेर पडते तिथे) झिरपावं लागतं, आणि थेंबथेंब सोडलं की ते पोचतंच असं नाही. दर ३ तासांनी २० मिली एकदम द्या. ताशी ८ म्हणजे ३ तासांत २४ मिली. एकूण औषध उलट कमीच लागेल.

प्रोबधर:
आधी कॅथेटरची जागा बघा. सोनोग्राफीचा प्रोब उभा, मध्यरेषेपासून ३ सेंमी बाहेर. सपाट, चौकोनी दिसतो तो ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याचं बाजूला आलेलं हाड). गोल दिसलं आणि बाजूला प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) सरकताना दिसला तर तुम्ही बरगडीवर आहात. २–३ मिली सलाईन सोडा. स्नायू हाडावरून सरळ रेघेत उचलला गेला पाहिजे. स्नायूच फुगला तर टोक आत रुतलंय, मग कितीही बोलस (एकदम सोडलेले डोस) दिले तरी उपयोग नाही. कॅथेटर सुईच्या टोकापुढे ३–५ सेंमी पुरे. जास्त सारला की वेटोळं होतं.

सोनोसुई:
रेघ नीट उचलली जाते. ड्रेनपाशी अजून दुखतंच आहे. पॅराव्हर्टिब्रल करू? एनॉक्सापॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ४० मिग्रॅ रोज चालू आहे.

जुना_भूलतज्ज्ञ:
तो खोल ब्लॉक, नियम एपिड्युरलचेच (मणक्यातल्या भुलीचे): एनॉक्सापॅरिनच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ तास. त्यापेक्षा सेरॅटस (बरगड्यांवरच्या स्नायूपाशी द्यायचा ब्लॉक) सोपा. मिडॲक्सिलरी रेषेत (काखेच्या मध्यातून खाली) ५व्या बरगडीवर, सेरॅटसच्या खाली ०.२ टक्के रोपिव्हॅकेन २० मिली. त्या वेळचा कॅथेटर बोलस वगळा आणि आधीचं सगळं औषध हिशेबात धरा. २० टक्के लिपिड (या औषधांची विषबाधा झाली तर उतारा) हाताशी हवंच: याला पहिला बोलस ८० मिलीच्या आसपास, किलोला १.५ मिली प्रमाणे.

प्रोबधर:
आणि नेमकं कुठे दुखतंय ते बोटाने दाखवायला सांगा. खांद्याकडे बोट गेलं तर ते फ्रेनिकचं (श्वासपटलाच्या नसेचं) दुखणं, ईएसपी काय नि सेरॅटस काय, तिथे पोचत नाही. पॅरासिटामॉल द्या, किडनी ठीक असेल तर सोबत डायक्लोफेनॅक.