मदत हवी आहे: बीओएसमध्ये (BeOS, एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) बीएफएस (तिची फाइल सिस्टीम) इमेज सीडीवर कशी लिहायची?

मंडळी, जुन्या मशीनवर बीओएस आर५ चालवतोय आणि बॅकअप सीडीवर घ्यायचाय, पण साध्या आयएसओ ९६६० मध्ये (सीडीची नेहमीची फाइल सिस्टीम) टाकलं की फायलींचे ॲट्रिब्यूट (फायलीला जोडलेली जादा माहिती) उडतात, आणि इथे तर ईमेलच्या यादीत दिसणारा विषय, पाठवणारा सगळं ॲट्रिब्यूटमधूनच येतं, मग यादीत उरतं काय? झिप केलं तर टिकतात म्हणा, पण मला सीडी टाकली की थेट माउंट व्हायला (डिस्कसारखी उघडायला) हवीय. म्हणून बीएफएसची इमेज (अख्ख्या डिस्कची एका फायलीतली नक्कल) बनवली, हार्ड डिस्कवरून मस्त माउंट होते, सीडीवर लिहिली की नाही. इमेजचा ब्लॉक (फाइल सिस्टीमचा सर्वांत लहान तुकडा) १०२४ बाइटचा आहे आणि सीडीचा सेक्टर २०४८ चा, घोळ तिथेच असेल का? २०४८ चा ब्लॉक घेऊन परत बनवू? आणि इमेजच्या शेवटी पॅडिंग (रिकामी भर) द्यावं लागतं का, कोणी केलंय का हे?