चीन एकच नाही

‘चिनी माणूस समूहाचा, अमेरिकन एकट्याचा’ असं म्हटलं जातं. इतकं सरसकट मला पटत नाही. अमेरिकेचं समजू शकतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकेकाला शेतीसाठी १६० एकर सरकारी जमीन मिळे, शेजारी लांबच. पण खुद्द चीनमध्येच केवढा फरक! मानसशास्त्रज्ञ थॉमस टॅलहेम यांच्या २०१४ च्या अभ्यासात दक्षिणेच्या भातपट्ट्यातले विद्यार्थी उत्तरेच्या गहूपट्ट्यातल्यांपेक्षा जास्त समूहाने विचार करणारे निघाले. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला शेजारी लागतो. कोकणात सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, लावणी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे टॅलहेम यांनी कॅफेमध्ये वाटेत दोन खुर्च्या जवळजवळ लावून पाहिल्या. गहूपट्ट्यातल्या बीजिंगमध्ये खुर्ची सरकवणारे जास्त भेटले. भातपट्ट्यातल्या शांघायमध्ये बहुतेक सगळे अंग चोरून मधून निघून गेले.