सावित्री नदीत बुडालेल्या लाकडावरील बुरशी

प्रश्न: महाबळेश्वरला उगम पावून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीत, घाटातल्या फांदीवर आणि खाडीत रुतलेल्या ओंडक्यावर एकाच प्रकारची बुरशी वाढते का?

उत्तर: बहुतांशी नाही. घाटात पाणी थंड, खळाळते आणि प्राणवायूने भरलेले असते. अशा ठिकाणी चार हातांचे बीजाणू असणाऱ्या बुरशी विपुल असतात, कारण ते हात प्रवाहातही पानाला किंवा काटकीला अडकून राहतात. बुरशीचे अभ्यासक इंगोल्ड यांनी १९४२ मध्ये इंग्लंडमधील ओढ्यातल्या कुजक्या पानांवरून त्यांचेच वर्णन केले होते. ओढ्यात साचलेला फेस सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावा. हे सुंदर बीजाणू त्यातच अडकलेले दिसतात.

दुसरे उत्तर: गाळात गाडलेल्या लाकडाला प्राणवायू जवळजवळ मिळत नाही, म्हणून ते आतून टणक राहते आणि मऊ, काळपट कूज वरच्या थरापुरतीच राहते. खाडीत खारेपणा निर्णायक ठरतो: गोड्या पाण्यातील जाती मागे पडतात आणि सागरी जाती येतात, ज्यांच्यापैकी अनेकांच्या बीजाणूंना पाण्यात उलगडणारे चिकट धागे असतात.

तिसरे उत्तर: लाकूड कोणत्या झाडाचे आहे आणि साल शिल्लक आहे का, हे न नोंदवता केलेली तुलना मला अपुरी वाटते. एकाच झाडाचे सारखे तुकडे सर्व ठिकाणी बांधून ठेवावेत.