मदत हवी आहे: कुत्रा दरवेळी एकाच बाजूचा वाडगा निवडतो

माणसाने बोट दाखवून केलेला इशारा कुत्र्याला कळतो का, याची चाचणी घेतोय. मांडणी नेहमीचीच: दोन सारखे अपारदर्शक वाडगे, मधलं अंतर दीड मीटर, कुत्रा अडीच मीटरवर. एका वाडग्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा. त्या वाडग्याकडे एक-दोन सेकंद बोट दाखवून हात खाली, मगच पट्टा सोडायचा. एकूण 12 फेऱ्या, उजवी-डावी सहा-सहा, एकच बाजू सलग दोनदापेक्षा जास्त नाही. वास सारखा राहावा म्हणून दोन्ही वाडगे आतून चिकनने घासलेले. पट्टा धरणाऱ्याचे डोळे मिटलेले, म्हणजे त्याच्याकडून नकळत इशारा जायला नको. गणितं सोडवणारा म्हणून गाजलेला हान्स घोडा खरं तर प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता, हे 1907 साली मानसशास्त्रज्ञ फुंग्स्टने उघड केलंच आहे.

अडचण अशी, की काही कुत्री बाराही वेळा उजवीकडेच जातात. बरोबर येतात सहा, म्हणजे निव्वळ योगायोगाइतकेच. पण त्यावरून इशारा कळत नाही असं कसं म्हणणार? (एकट्या कुत्र्याबद्दल काही ठाम बोलायचं तर 10 तरी बरोबर हवेत.) चुकल्यावर तीच बाजू पुन्हा दिली तर हट्ट मोडतो, पण मग ते शिकवणं झालं, चाचणी नव्हे.

अशी कुत्री तुम्ही वगळता, की आधी सरावफेऱ्या घेता? वगळण्याचा निकष काय? आणि बोट न दाखवता घ्यायच्या वासतपासणीच्या फेऱ्या मध्येच मिसळाव्यात की शेवटी?