लंडनची ‘अनोखा’ : सोमवारच्या एका क्लब नाइटचा इतिहास कुठून सुरू करावा?

धरमपेठकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही काही संगीतप्रेमी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, एखादा विषय घेऊन ध्वनिमुद्रणे ऐकतो आणि त्यावर बोलतो. पुढच्या बैठकीत ‘अनोखा’ या क्लब नाइटबद्दल, म्हणजे क्लबात ठरावीक वारी भरणाऱ्या आणि तबल्याला यंत्रांवरच्या नृत्यसंगीताशी जोडणाऱ्या रात्रीबद्दल, बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तबलावादक तलविन सिंग आणि संयोजक स्वीटी कपूर यांनी १९९५ मध्ये पूर्व लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधील ‘ब्लू नोट’ क्लबात ती दर सोमवारी सुरू केली, १९९७ मध्ये त्याच नावाने एक संकलित अल्बम निघाला आणि १९९९ मध्ये तलविन सिंग यांच्या ‘ओके’ या अल्बमला ब्रिटनचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, एवढी रूपरेषा माझ्याजवळ तयार आहे.

आमच्या बैठकीतले बहुतेक श्रोते शास्त्रीय संगीतावर वाढलेले आहेत, त्यामुळे ‘तबल्याला क्लबात नेऊन नेमके काय साधले’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच विचारला जाईल आणि त्याचे प्रामाणिक उत्तर मला देता आले पाहिजे. शिवाय चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर रागांची जी रेकॉर्ड केली, तिथून सुरुवात करून थेट ‘अनोखा’पर्यंत यावे, असा माझा विचार आहे. तो कितपत योग्य ठरेल? आणि एवढी गाजलेली रात्र शनिवारी न भरता सोमवारी का भरत असे, हेही कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.

वैदर्भीय यांचे उत्तर

धरमपेठकर, आपला विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सोमवारचे कारण क्लबांच्या व्यवहारात आहे. शुक्रवार आणि शनिवार हे कमाईचे वार असल्यामुळे मालक त्या रात्री खात्रीचेच संगीत लावतो, आणि नवे काही करून पाहणाऱ्यांच्या वाट्याला आठवड्याचे रिकामे वार येतात. १९८८ मध्ये लंडनच्या ‘हेवन’ क्लबात पॉल ओकनफोल्ड यांनी सुरू केलेली ‘स्पेक्ट्रम’ ही ॲसिड हाउसची (सिंथेसायझरवरच्या एका नृत्यसंगीताची) प्रसिद्ध रात्रही सोमवारचीच होती, आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या ‘हसिएंडा’मध्ये उन्हाळ्यात गाजलेली ‘हॉट’ बुधवारी भरत असे. ब्लू नोटमध्ये तर रविवारची रात्र डीजे-संगीतकार गोल्डी यांच्या ‘मेटलहेड्झ’कडे होती. म्हणजे ज्या लहानशा जागेत रविवारी ड्रम अँड बेस या वेगवान ड्रम आणि खोल बेसच्या नृत्यसंगीतातले सर्वांत पुढचे काम ऐकायला मिळत होते, त्याच जागेत, त्याच ध्वनियंत्रणेवर, दुसऱ्या रात्री ‘अनोखा’ भरत होती. माझ्या मते ‘अनोखा’चे संगीत समजण्यासाठी ही शेजारधर्माची गोष्ट पुरस्कारापेक्षा अधिक उपयोगाची आहे, आणि ती अल्बमच्या वेष्टनावर सापडत नाही.

इतिहास कुठून सुरू करावा, याचे माझे उत्तर ‘पूर्व लंडनच्या रस्त्यांपासून’ असे आहे. हॉक्स्टनपासून जवळच असलेल्या ग्रेट ईस्टर्न स्ट्रीटवर १९७८ मध्ये नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे मुख्यालय होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बंगाली कामगाराचा खून झाला आणि त्यानंतर हजारो बंगाली माणसे निषेधासाठी रस्त्यावर उतरली. १९९३ मध्ये त्याच पूर्व लंडनमधल्या मिलवॉलच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार निवडून आला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या परिसरात एक दक्षिण आशियाई नाव उघडपणे लावून रात्र भरवणे म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना या पार्श्वभूमीशिवाय कळणार नाही.

दुसरा धागा दुपारच्या कार्यक्रमांचा आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या आशियाई मुलामुलींना, विशेषतः मुलींना, रात्री बाहेर पडायची परवानगी घरून मिळत नसे, म्हणून भांगड्याचे कार्यक्रम भर दुपारी होत आणि मुले शाळा-कॉलेज बुडवून तिथे जात. ‘अलाप’ आणि ‘हीरा’ यांसारखे वाद्यवृंद त्या काळात गाजले. त्याच दशकात फारूक आणि हारून शमशेर हे पूर्व लंडनचे दोन बंगाली भाऊ ‘जॉय बांगला’ या नावाने आपली ध्वनियंत्रणा घेऊन कार्यक्रम करू लागले होते, आणि पुढे ते ‘जॉय’ या नावाने प्रसिद्ध झाले. ‘अनोखा’ने या लोकांच्या मेहनतीवर आपली रात्र उभी केली, हे स्पष्ट सांगितले नाही तर सगळे श्रेय एका वादकाच्या खात्यावर जमा होते, आणि तो अन्याय आहे.

दायाँ-बायाँ, महाल यांचे उत्तर

वैदर्भीय यांनी सामाजिक बाजू मांडलीच आहे. मी स्वतः तबला शिकवतो, त्यामुळे फक्त लयीबद्दल लिहितो.

तबल्याचा एकलवादनाचा कार्यक्रम आठवून पाहा. सारंगी किंवा हार्मोनियमवर एका आवर्तनाचा लेहरा तासभर न बदलता फिरत राहतो आणि त्याच्या आधारावर तबलजी कायदा (विस्तार करण्याजोगी बोलरचना), रेला (वेगाने वाहणारे बोल), तुकडे मांडत जातो. म्हणजे ठरावीक लांबीची एक धून सतत फिरवत ठेवायची आणि तिच्या आत वादकाने स्वातंत्र्य घ्यायचे, ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. क्लबातले यंत्र नेमके लेहऱ्याचे काम करते. पंजाबात उस्ताद लछमन सिंग सीन यांच्याकडे पंजाब घराण्याची तालीम घेतलेल्या तलविन सिंग यांना ही जागा ओळखीची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

ड्रम अँड बेसचा पाया बहुतांशी एका छोट्या ध्वनिमुद्रणावर उभा आहे. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी चार बार एकट्याने ड्रम वाजवला आहे, आणि त्याची लांबी साधारण सात सेकंद आहे. चार बार, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे सोळा. आपल्या तीनतालाचेही चार विभाग आणि सोळा मात्रा. सॅम्पलरमध्ये (ध्वनीचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) घालून हा तुकडा मिनिटाला सुमारे १७० ठोक्यांच्या वेगाने चालवला की त्याचे आवर्तन साडेपाच सेकंदांहून किंचित जास्त भरते. तेवढ्या वेळात द्रुत तीनतालाचे एक आवर्तन पुरे होते. त्यात बेस मात्र निम्म्या लयीत, मिनिटाला ८५ च्या हिशेबाने चालतो. आपल्या श्रोत्यांना सांगा की बेस ठायीत (मूळ लयीत) धरा आणि ड्रम दुगुनीत (दुप्पट लयीत) मोजा. एकदा हे दोन्ही एकाच वेळी ऐकू आले की तबला कुठे ठायीशी बोलतो आणि कुठे दुगुनीशी, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

काय हरवते, तेही सांगायला हवे. लेहरा धरणारा माणूस तबलजीचा कल पाहून लय हळूहळू चढवतो, यंत्र चढवत नाही. कायद्याचे पलटे (बोलांची उलटापालट) एकातून एक उलगडायला जो निवांतपणा लागतो, तो नाचणाऱ्या गर्दीत मिळत नाही. आणि खालीची, म्हणजे तालातल्या बिनजोराच्या विभागाची, जागा तर पूर्णच बदलते. आपल्याकडे बायाँचा (डग्ग्याचा) घुमारा थांबला की खाली आली हे कळते. क्लबात बेस काही क्षण काढून घेतात तेव्हा कानाला जवळपास तोच अनुभव येतो, पण तिथे तो तालाच्या हिशेबाने ठरलेला नसतो, डीजेच्या इच्छेवर असतो. मला स्वतःला या संगीतातला तबला रेल्याच्या अंगाने वाजतो तेव्हा अतिशय आवडतो, आणि नुसता रंगत भरण्यासाठी दोन-चार बोल पेरलेले असतात तेव्हा मुळीच आवडत नाही. ‘अनोखा’च्या अल्बममध्ये दोन्ही प्रकार आहेत.

सक्करदरावासी यांचे उत्तर

मंडळी, एक विचार मांडतो. आपल्या नागपुरात धुमाल आहे, ताजबागच्या उर्साचा संदल आहे. गाडीवर जनरेटर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सोबत ढोल-ताशे, आणि पॅडच्या एका थापेवर यंत्रात साठवलेला हवा तो आवाज. विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ही मुले जे वाजवतात, तेही हाताचे कसब आणि यंत्र यांची सांगड घालणारे नृत्यसंगीतच आहे. धरमपेठकर, लंडनवर बोलताना या वादकांचा आदराने उल्लेख झाला, तर मला मनापासून आनंद होईल.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेहऱ्याचा मुद्दा आमच्या बैठकीत सर्वांत आधी पोहोचेल, असे वाटते. वैदर्भीय, चरणजित सिंग यांच्याबद्दलचे आपले मत आणि ‘अनोखा’ पुढे का टिकली नाही, एवढे सांगितलेत तर फार बरे होईल. शक्य असल्यास ऐकण्याचा क्रमही सुचवावा.

वैदर्भीय यांचे उत्तर

धुमालचा उल्लेख अवश्य करावा, सक्करदरावासींशी मी सहमत आहे. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. मिरवणूक पुढे सरकत राहते आणि तिचा श्रोता दर चौकात बदलतो. क्लब नाइट मात्र दर आठवड्याला त्याच खोलीत, बऱ्याच अंशी त्याच माणसांसमोर भरते. मागच्या सोमवारी जे जमले नाही ते या सोमवारी पुन्हा करून पाहता येते, अर्धवट राहिलेली नवी धून थेट नाचणाऱ्यांसमोर ठेवता येते. ‘अनोखा’चे संगीत या नियमित भरण्यातून घडले, असे मी मानतो, आणि म्हणून तिचा इतिहास अल्बमपासून सुरू करू नये, असा माझा आग्रह आहे.

चरणजित सिंग यांच्यापासून सरळ रेषा ओढू नका. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचा सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रमचे यंत्र) या यंत्रांवर दहा राग वाजवले, हे खरे. शिकागोत ‘फ्यूचर’ या चमूचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये निघाले आणि त्याचा विशिष्ट आवाज त्याच टीबी-३०३ मधून आला, हेही खरे. पण चरणजित सिंग यांची रेकॉर्ड निघाली तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही, आणि जगभर तिची चर्चा झाली ती २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर. १९९५ च्या हॉक्स्टनमध्ये तिचा प्रभाव शोधणे म्हणजे नंतर कळलेली गोष्ट आधी घडवणे होय. तिचे महत्त्व स्वतंत्र आहे आणि तिच्यावर स्वतंत्र बैठक व्हायला हवी. पुढच्या महिन्यासाठी विषय म्हणून ती मी आत्ताच सुचवून ठेवतो.

टिकण्याबद्दल सांगायचे तर, ब्लू नोट १९९८ मध्ये हॉक्स्टन स्क्वेअरमधून गेला. परिसर झपाट्याने बदलत होता, आणि २००० मध्ये त्याच चौकात ‘व्हाइट क्यूब’ हे समकालीन चित्रकलेचे नामांकित दालन उघडले. स्वस्त भाड्याच्या गाळ्यांमुळे जिथे असे प्रयोग शक्य झाले होते, तिथे त्या प्रयोगांमुळेच परिसराला नाव मिळाले आणि जागा महाग झाल्या. त्यातच तलविन सिंग यांची स्वतःची कारकीर्दही मोठ्या रंगमंचांकडे वळली होती.

क्रम असा ठेवा. आधी ‘आमेन, ब्रदर’मधला ड्रमचा तेवढाच तुकडा दोन-तीनदा ऐकवा, मग कोणत्याही चांगल्या तबलावादनातली द्रुत लयीतली पाच मिनिटे लेहऱ्यासह ऐकवा. त्यानंतर ‘अनोखा’ संकलनातले ‘स्टेट ऑफ बेंगॉल’ म्हणजे सॅम झमन यांचे ‘फ्लाइट आयसी ४०८’ लावा. नावातला ‘आयसी’ हा जुन्या इंडियन एअरलाइन्सचा संकेत होता, हे सांगितले की श्रोते सरसावून बसतील. त्याच संकलनात ए. आर. रहमान यांची ‘मुंबई थीम ट्यून’ आहे, आणि ती १९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटामुळे सगळ्यांच्या ओळखीची असल्याने तिथे थोडा विसावा मिळेल. शेवटी ‘ओके’मधली एखादी रचना घ्या. हे सर्व मोबाइलवर किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र अजिबात ऐकवू नका, कारण दायाँ-बायाँ यांनी सांगितलेली ठायीतली चाल त्यावर ऐकूच येणार नाही. कोणाकडून तरी सब-वूफर मागून आणा आणि बैठक संध्याकाळी लवकर ठेवा, म्हणजे शेजाऱ्यांनाही त्रास होणार नाही.