तणमोर पक्षी पाहायचा असेल तर भर पावसातच जा

काहीजण म्हणतात की माळरानावरच्या पक्ष्यांच्या नोंदी घेण्याचं काम म्हणजे हिवाळ्यातलं, पावसाळ्यात घरी बसून डेटा भरायचा. भोवत्यांच्या (हिवाळ्यात येणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या) मोजणीपुरतं ठीक, पण तणमोराच्या बाबतीत गणित उलटं आहे. त्याचा विणीचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. एरवी गवतात दबून राहणारा हा पक्षी तेव्हाच दिसतो, कारण नर गवतावर माणसाच्या उंचीइतक्या उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा.

मी एक पावसाळा अकोला-वाशिमकडे काढला. पहाटे साडेपाचला बांधावर. काळी माती बुटाला अशी धरते की अर्ध्या तासात पाय दोन-दोन किलोचे होतात; तिसऱ्या दिवसापासून मी सरळ अनवाणी. नोंदी पेन्सिलनेच, पेनाची शाई फॉर्मभर पसरते. आणि डोळ्यांआधी कान लावायचे: उडीसोबत पंखांचा बेडकासारखा 'टर्रर्र' आवाज येतो. मी पहिले दोन दिवस तो खरोखर बेडूकच समजून सोडून दिला होता! शेवटी गुरं राखणाऱ्या एका काकांनी काठीने दाखवलं, सोयाबीनला लागून असलेल्या गवताच्या पट्ट्यात.